वीस कारकून, एक कुलूप

नोकरशाही माणसाच्या स्वभावातून जन्मते, असं आपण आजवर धरून चाललो होतो. आळस, हेवा, बढतीची आस, साडेपाचची लोकल, साहेबाचा मेहुणा, हे सगळं एकत्र आलं की फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाते आणि वाटेत कुठेतरी मुक्कामाला राहते. हे आपल्याला इतकं पटलेलं होतं, की ‘माणूस बाजूला काढा, कारभार आपोआप सुरळीत होईल’ असं कुणी भाषणात म्हटलं की टाळ्या ठरलेल्या. आता या समजुतीची रीतसर परीक्षा झाली आहे. गेलं वर्षभर जगातले नाणावलेले प्रोग्रॅमर अशा कारकुनांच्या कचेऱ्या थाटत आहेत, ज्यांना भूक नाही, झोप नाही, गाव नाही आणि मेहुणा तर नाहीच. त्या कचेऱ्यांत काय घडलं ते या लोकांनी स्वतःच, बऱ्यापैकी प्रामाणिकपणे, लिहून ठेवलं आहे. ते वाचल्यावर माझं मत असं झालं, की आपण मामलेदार कचेरीवर पिढ्यानपिढ्या अन्याय केला. एकमेकांच्या डोक्यात काय चाललंय हे ज्यांना दिसत नाही अशा अनेकांत एकच काम वाटलं, की कचेरी आपोआप उभी राहते. मग ते अनेक माणसं असोत की एआय एजंट.

एजंट म्हणजे काय ते फार सांगायला नको. विचारलं तेवढंच सांगणारा चॅटबॉट वेगळा, आणि स्वतः फायली उघडून, कोड लिहून, टेस्ट चालवून, चुकलं तर पुन्हा दुरुस्त करत बसणारा एजंट वेगळा. अँथ्रोपिकचं क्लॉड कोड 2025 च्या फेब्रुवारीत आलं, ओपनएआयचं कोडेक्स सीएलआय एप्रिलमध्ये, गूगलचं जेमिनी सीएलआय जूनमध्ये. तिघांचंही बिऱ्हाड टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत. टर्मिनलात राहणाऱ्याशी माणसानेच बोललं पाहिजे असं नसतं, दुसरा प्रोग्रॅमही बोलू शकतो. क्लॉड कोडच्या कमांडला ‘पी’ या अक्षराची खूण, म्हणजे फ्लॅग, जोडला की तो गप्पा सोडतो, दिलेलं काम करतो, उत्तर छापतो आणि निघून जातो. हवं तर ते उत्तर जेसनच्या साच्यात देतो, म्हणजे पुढच्या प्रोग्रॅमला ते वाचता येतं. कोडेक्समध्ये हेच काम ‘एक्झेक’ म्हणून सांगायचं. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं चाललेलं असतं. अडचण येते ती परवानगीची. ही फाइल बदलू का, ही कमांड चालवू का, असं एजंट पावलोपावली विचारतो, आणि समोर माणूसच नसेल तर ‘हो’ म्हणणार कोण? म्हणून काहीही न विचारता काम करण्याचा फ्लॅग आला. क्लॉड कोडमध्ये त्या फ्लॅगच्या नावाची सुरुवातच ‘डेंजरसली’ या शब्दाने होते. कोडेक्सच्या फ्लॅगचंही तसंच, शिवाय त्याला ‘योलो’ असं लाडाचं नाव. धोक्याची पाटी लावायची आणि तिचंच बारसं करून पेढे वाटायचे, हे कुठल्या सरकारी खात्याला आजवर सुचलेलं नव्हतं.

एक एजंट बरा चालतो म्हटल्यावर दहा का नकोत, हे ओघाने आलंच. दहा जण एकाच फोल्डरमध्ये घुसले तर एकमेकांच्या फायली तुडवतील, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र खोली द्यायची. ती सोय गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, वर्कट्री या नावाने 2015 पासून होती. दहा वर्षं तिच्याकडे फारसं कुणी फिरकलं नाही, आता तिथे एजंटांची क्वार्टर्स झाली. पण खोल्या वेगळ्या केल्या म्हणजे काम वेगळं होतं असं नाही. जून 2025 मध्ये कॉग्निशन या कंपनीने ‘अनेक एजंटांची यंत्रणा बांधू नका’ असं बजावणारा लेख लिहिला, आणि त्यातलं उदाहरण मोठं बोलकं होतं. फ्लॅपी बर्डसारखा खेळ बनवायचा आहे. काम दोघांत वाटलं. एकाने हिरवे पाइप आणि मागचा देखावा करायचा, दुसऱ्याने पक्षी. पहिल्याचा काहीतरी गैरसमज झाला आणि त्याने सुपर मारिओच्या धाटणीचा देखावा रंगवून ठेवला. दुसऱ्याने पक्षी केला, पण तो त्या खेळातल्यासारखा दिसेना आणि उडेना. दोघांनीही आपापलं काम पूर्ण केलं होतं. आता हे दोन तुकडे घेऊन खेळ जोडणाऱ्या तिसऱ्याची काय अवस्था होईल, ते रस्ता एका खात्याचा आणि गटार दुसऱ्या खात्याचं अशा गल्लीत राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. त्याच महिन्यात अँथ्रोपिकने नेमका उलट सूर लावला. त्यांनी संशोधनासाठी एक प्रमुख आणि त्याच्या हाताखाली अनेक एजंट अशी रचना केली होती आणि ती एकट्या एजंटापेक्षा सरस ठरली होती. मात्र सुरुवातीला साध्या प्रश्नासाठीसुद्धा पन्नास-पन्नास हाताखालचे नेमले जायचे, हेही त्यांनी सांगून टाकलं. आणि कोडिंगमध्ये एकाच वेळी समांतर करता येण्यासारखे भाग संशोधनापेक्षा कमी असतात, हेही. म्हणजे भांडण वाटतं तेवढं नाही. वाचायला पन्नास जण बसले तरी पुस्तक झिजत नाही, पण एकाच कागदावर लिहायला दोघे बसले की तिसरा माणूस मध्यस्थीला लागतो.

खरी मौज कर्सर या कंपनीच्या प्रयोगात आहे. शेकडो एजंट एकाच प्रकल्पावर आठवडाभर सोडायचे आणि बघायचं, असा तो प्रयोग. त्याचा वृत्तान्त 2026 च्या जानेवारीत आला. सुरुवातीला सगळे एजंट समान दर्जाचे होते. साहेब नाही, हेडक्लार्क नाही. एक सामायिक फाइल, तिच्यात कोण काय करतंय ते बघायचं, मोकळं काम उचलायचं, आपली नोंद करायची. दोघांनी एकच काम उचलू नये म्हणून त्या फाइलला कुलूप, ज्याच्या हाती कुलूप त्यानेच लिहायचं. कागदावर ही योजना इतकी निर्दोष आहे की ग्रामस्वराज्याच्या पुस्तिकेत छापावी. प्रत्यक्षात एजंट कुलूप घेऊन बसले ते बसलेच. काही जण सोडायचं विसरले. काही जण कुलूप हातात असतानाच कोसळले. काहींनी कुलूप न घेताच फाइलवर लिहून टाकलं. आणि काहींनी, हा प्रकार मला सर्वांत आवडतो, जे कुलूप आधीच आपल्या हातात आहे ते मिळावं म्हणून पुन्हा अर्ज केला. वीस एजंटांचा एकूण उरक दोन-तीन एजंटांइतका खाली आला. बाकीचे सतरा-अठरा रांगेत. नाना फडणीसांच्या काळापासून आपण ‘बारभाईंचा कारभार’ म्हणत आलो, तो इथे विजेवर चालत होता.

मग त्यांनी कुलूपपद्धत बदलली. वाचायला सगळ्यांना मोकळीक, लिहिताना मात्र तुम्ही वाचल्यानंतर मजकूर बदललेला असेल तर तुमचं लिखाण परत. गर्दी हटली, आणि त्यामागे लपलेला खरा रोग दिसला. साहेब नसल्यामुळे एजंट जपून वागू लागले. अवघड कामाला कुणी हात लावीना. छोटे, बिनधोक बदल करायचे, नोंद करायची, पुढचा छोटा बदल शोधायचा. एखादं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत अंगावर घ्यायला कुणी तयार नाही. हालचाल भरपूर, प्रगती नाही. इथे आपल्याकडचा कुणी जाणकार म्हणेल की यंत्राची माणसाशी तुलना कशाला करता, यंत्राला अहंकार नसतो, स्वार्थ नसतो, चौकशीची भीती नसते. अगदी मान्य, आणि म्हणूनच तर हा पुरावा मोलाचा आहे. बदलीची भीती नसताना, पेन्शन नसताना, गोपनीय अहवाल नसताना हे एजंट ‘आपल्याला काय करायचंय’ या निष्कर्षाला पोचले असतील, तर त्या वृत्तीचं मूळ पेन्शनमध्ये नाही, हे उघड आहे. जबाबदारी सगळ्यांची असली की अवघड काम टाळणं प्रत्येकाला आपल्यापुरतं बरोबरच ठरतं. त्याला दुर्गुण लागत नाही, साधा हिशोब पुरतो.

कर्सरने शेवटी काय केलं? साहेब नेमले. योजना आखणारे वेगळे, ते कोडला हात लावत नाहीत. काम करणारे वेगळे, ते इतरांची चिंता न करता समोरचं काम संपवून आणून देतात. आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी पुढे चालू ठेवायचं की थांबायचं ते ठरवणारा एक न्यायाधीश. गाडी चालू लागली. मध्ये त्यांनी सगळ्यांचं काम एकत्र जुळवून घेणारा आणि दर्जा बघणारा एक अधिकारीही नेमून पाहिला होता. त्याने सोडवले त्यापेक्षा जास्त अडथळे निर्माण केले, म्हणून ते पद रद्द करण्यात आलं. निर्माण केलेलं पद रद्द झालं, ही मात्र गोष्ट आपल्या कचेरीच्या अनुभवात बसत नाही. इथे यंत्रांना एक गुण द्यायला हवा.

हाच रस्ता टोकाला नेला तो स्टीव्ह येगी यांनी. अ‍ॅमेझॉन आणि गूगलमध्ये नोकरी केलेले हे गृहस्थ. 2026 च्या पहिल्याच दिवशी त्यांनी ‘गॅस टाउन’ नावाची यंत्रणा लोकांपुढे मांडली, वीस-तीस क्लॉड कोड एकाच वेळी हाकणारी. गावाला एक मेयर. त्याच्याकडून कामं घेऊन ती करणारे आणि काम संपताच नाहीसे होणारे पोलकॅट, म्हणजे रोजंदारीवरचे. त्यांचं काम मुख्य शाखेत मर्ज करणारी रिफायनरी. पोलकॅट अडले का ते बघणारा विटनेस. या सगळ्यांवर गस्त घालणारा डीकन. डीकनच्या अंगावर फार काम पडू लागलं म्हणून त्याच्या हाताखाली डॉग. आणि त्या डॉगांपैकी एक, बूट नावाचा, त्याची नेमणूक फक्त एवढ्यासाठी की दर पाच मिनिटांनी उठायचं आणि डीकन जागा आहे का ते बघायचं. हे सारं लागलं कशाला? तर एजंट अतिशय विनयशील. काम समोर ठेवलेलं असतं, काय करायचं ते ठाऊक असतं, तरीही तो कुणी काही बोलेल म्हणून वाट बघत बसतो. मग टीमक्स नावाच्या जुन्या साधनातून त्याच्या खिडकीत कळा दाबल्यासारखं करून त्याला ढोसायचं. काय लिहून ढोसलं याला फारसं महत्त्व नाही, कुणीतरी ढोसलं एवढं पुरतं. प्रोग्रॅमने माणसाचं सोंग घेऊन दुसऱ्या प्रोग्रॅमच्या खिडकीवर टकटक करायची, म्हणजे तो तिसऱ्याला उठवील. आणि या बुद्धिमंतांच्या मनोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला काय आहे? डीमन नावाचा एक साधा, बिनबुद्धीचा प्रोग्रॅम, जो ठरलेल्या वेळी टोला देतो. सगळ्यांत भरवशाचा तोच. त्याला स्वतःचं मत नाही.

आता मोठा आक्षेप. हे सगळं खरं असेल, पण काम तर झालं ना? झालं. 2026 च्या फेब्रुवारीत अँथ्रोपिकच्या निकोलस कार्लिनी यांनी सोळा एजंटांकडून रस्ट भाषेत सी भाषेचा कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, लिहून घेतला. सुमारे दोन हजार सत्रं, वीस हजार डॉलरच्या आसपास खर्च, एक लाख ओळींचा कोड, आणि त्या कंपायलरने लिनक्स कर्नल बांधून दाखवलं. ही थट्टा करण्यासारखी गोष्ट नाही, पाचेक वर्षांपूर्वी कुणी सांगितली असती तर आपण त्याला लिंबू सरबत देऊन सावलीत बसवलं असतं. पण ती कशी झाली ते बघा. साहेब इथे नव्हता, मान्य. टर्मिनलातल्या कमांड चालवणाऱ्या बॅशमधली एक साधी अखंड फिरणारी लूप, एक सत्र संपलं की दुसरं सुरू. काम उचलायचं तर एका फोल्डरमध्ये त्या कामाच्या नावाची चिठ्ठी ठेवायची. दोघांनी एकच चिठ्ठी ठेवली तर गिट दुसऱ्याला परत पाठवतं. साहेबाच्या जागी इथे होत्या टेस्ट, तयार उत्तरपत्रिका. त्या सुटसुटीत करण्यात कार्लिनी यांची बरीचशी मेहनत गेली. टेस्टचा निकाल हजारो ओळींचा छापला तर एजंटाच्या मर्यादित स्मरणात तोच कचरा भरून राहतो, म्हणून चूक असेल तर एकाच ओळीत, ‘एरर’ शब्दाशेजारी कारण लिहिलेलं, शोधताच सापडावं असं. एजंटाला वेळेचं भान नसतं, सोडला तर तासन्‌तास टेस्टच चालवत बसतो, म्हणून सगळ्या टेस्टऐवजी एक किंवा दहा टक्के चालवण्याची सोय. यात कृत्रिम बुद्धिमत्तेपेक्षा शेरा कुठे मारावा आणि किती ओळींचा मारावा याचं ज्ञान जास्त आहे. आणि जिथे कामाचे तुकडे पडेनात तिथे काय झालं? शेकडो स्वतंत्र टेस्ट होत्या तोवर प्रत्येकाला वेगळी टेस्ट मिळत होती. लिनक्स कर्नल हे एकच अगडबंब काम समोर आलं आणि सोळाच्या सोळा एकाच बगवर जाऊन थडकले, एकाच ठिकाणी दुरुस्ती करू लागले आणि एकमेकांच्या दुरुस्त्या पुसू लागले. शेवटी जीसीसी या जुन्या, माणसांनी लिहिलेल्या कंपायलरला साक्षीदार म्हणून बोलावलं. कर्नलच्या बहुतेक फायली त्याने बांधायच्या, उरलेल्या थोड्या नव्या कंपायलरने, म्हणजे चूक कुठल्या फायलीत आहे ते प्रत्येकाला वेगवेगळं शोधता येईल. जाता जाता याच प्रयोगातली एक बारीक नोंद: एका एजंटाने चुकून ‘सगळे बॅश बंद कर’ अशी कमांड दिली, आणि ज्या बॅशवर तो स्वतः चालत होता तोही बंद पडला. स्वतःच्या सहीने स्वतःचीच बडतर्फी काढणारा कारकून इतिहासात बहुधा हाच पहिला.

दुसरा आक्षेप असा, की मॉडेल दर काही महिन्यांनी हुशार होत आहेत, तेव्हा ही कचेरी तात्पुरती आहे. मला हे पटत नाही, आणि कारण नवं नाही. आयबीएमच्या ओएस/360 चा व्याप सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्ये लिहून ठेवलं की रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर आणखी माणसं घातली की तो आणखी रखडतो. त्यांचा हिशोब शाळकरी आहे: तिघांत बोलण्याचे दुवे तीन, वीस जणांत एकशे नव्वद. या सूत्रात माणसांच्या बुद्धीला जागाच नाही, फक्त डोकी मोजायची. वीस आइनस्टाइन बसवले तरी दुवे एकशे नव्वदच, उलट प्रत्येक दुव्यावरचा वाद लांबेल. एजंट हुशार झाला तर एकाच एजंटाला मोठं काम देता येईल, म्हणजे कचेरी लहान होईल, हे खरं. पण मोठं काम करता येतं म्हटल्यावर माणूस त्याहून मोठं काम काढतो, हेही तितकंच खरं. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी 1955 मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये ब्रिटिश नौदलाचे आकडे दिले होते: 1914 ते 1928 या काळात मोठ्या युद्धनौका 62 वरून 20 वर आल्या आणि अ‍ॅडमिरल्टीतले अधिकारी 2000 वरून 3569 वर गेले. अधिकारी एकमेकांसाठी काम निर्माण करतात, हे त्यांचं त्यावरचं निदान. त्यांच्या वेळी निदान पगार तरी ठरलेला होता. इथे प्रत्येक शब्दाला पैसे पडतात. अँथ्रोपिकच्याच हिशोबाने अनेक एजंटांची यंत्रणा साध्या चॅटच्या सुमारे पंधरापट टोकन, म्हणजे शब्दांचे मोजायचे तुकडे, खाते. एजंटांनी एकमेकांना ‘तुमचा अहवाल मिळाला, आभारी आहे’ असं कळवलं तरी मीटर फिरतो. हिंजवडीतल्या ज्या मॅनेजरला आपली खुर्ची जाणार म्हणून झोप लागत नव्हती, त्याने हे नीट वाचावं. कोड लिहिणं स्वस्त झालं आहे, काम फोडून देणं, जुळवून घेणं आणि झालं की नाही ते बघणं मात्र महागलं आहे. म्हणजे त्याची ती बदनाम सकाळची स्टँडअप मीटिंग.

उरतो माणूस, ज्याच्या नावे हे सगळं चाललंय. त्याला वाटतं आपला वेग वाढला. या वाटण्यावर फार विसंबू नये. जुलै 2025 मध्ये मेटर या संस्थेने सोळा अनुभवी प्रोग्रॅमरचं 246 कामांवर मोजमाप केलं. एआय वापरल्याने आपला वेळ वीस टक्के वाचला असं त्यांना काम झाल्यावरही वाटत होतं, घड्याळाप्रमाणे एकोणीस टक्के जास्त लागला होता. तो प्रयोग त्या वेळच्या साधनांवरचा, आणि एजंटांच्या फौजांवरचा नव्हे, तेव्हा आजचा निकाल तोच असेल असं म्हणता येत नाही. पण वीस खिडक्यांत अक्षरं सरसर धावताना दिसत असली की साहेबाला आपण फार काम करतोय असं वाटतं, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही. मग एके सकाळी चार हजार ओळींचा बदल सहीला येतो. तो वाचायला दोन दिवस लागतील. साहेब काय करणार? तो वाचण्यासाठी आणखी एक एजंट नेमतो.

या तपासनीस एजंटाचं काम चुका काढण्याचं. ‘चूक काढ’ म्हटल्यावर तो काढतोच, कोरा कागद परत पाठवणं त्याच्या स्वभावात नाही. लिहिणारा एजंट त्याच्याहून सभ्य. ‘तुमचं अगदी बरोबर आहे’ म्हणतो आणि जे बरोबर होतं तेही बदलून आणतो. तपासनीस त्या बदलात नवी चूक काढतो. पुन्हा अगदी बरोबर आहे. दोघांत मतभेद असा नाहीच, दोघेही दमत नाहीत, आणि दोघांचाही मीटर चालू. यावर जे उपाय सापडले आहेत त्यांत बुद्धीचा म्हणावा असा क्वचितच. सगळ्यांत सोपा म्हणजे फेऱ्यांना मर्यादा घालणं. तीन म्हणून सांगायचं, तिसरी फेरी झाली की प्रकरण निकाली. शेरा काहीही असो.